नळीच्या वाटेने रक्तात शिरणारा ताप : दुकानदार आणि कारागीर कुटुंबांनी काय जाणून घ्यावे

बाजारात एखादे दुकान सलग आठ-दहा दिवस बंद दिसले की शेजारचे दुकानदार आधी उधारीची शंका घेतात, मग आजारपणाची. शहागंज, सिटी चौक, गुलमंडी, जुना बाजार, कुठेही फिरा, अशी एक-दोन शटरे ओढलेली सापडतातच. चौकशी करावी तर कळते की घरातील कर्त्या माणसाचे डायलिसिस चालू आहे, किंवा अम्मींना कॅन्सर निघाला असून आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात केमोसाठी फेऱ्या चालू आहेत. मूळ आजाराचा खर्च कुटुंबाने कसाबसा सोसलेला असतो. भावाने हातभार लावलेला असतो, मालवाल्याने मुदत वाढवून दिलेली असते. हिशेब कोलमडतो तो दुसऱ्याच कारणाने. एका संध्याकाळी रुग्णाला हुडहुडी भरते, ताप चढतो, रात्री धावपळ करून दाखल करावे लागते आणि सकाळी डॉक्टर सांगतात की लाइनमधून इन्फेक्शन रक्तात गेले आहे.

ही "लाइन" म्हणजे काय, तिच्यातून जंतू रक्तात कसे जातात आणि मुख्य म्हणजे ते टाळण्यात घरच्यांचा वाटा किती, याची माहिती आपल्या व्यापारी आणि कारागीर वर्गात फार थोड्यांना असते. या पानावर एरवी मालाचे भाव, कर्ज आणि परवाने यांची चर्चा होते. परंतु ज्या कारणाने धंद्याचे खेळते भांडवल एका आठवड्यात रुग्णालयाच्या काउंटरवर रिकामे होते, तेही व्यापाराच्याच पानावर आले पाहिजे.

साधे सलाईन लावताना हाताच्या शिरेत छोटी सुई घालतात, ती दोन-तीन दिवसांत काढून टाकतात. लाइन वेगळी. ती लांब, मऊ नळी असते. मानेतून, छातीतून, दंडातून किंवा जांघेतून आत घालून तिचे टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेलेले असते. केमोची औषधे इतकी दाहक असतात की हाताची बारीक शीर ती सहन करत नाही. डायलिसिसच्या यंत्राला तर मिनिटाला भरपूर रक्त लागते, ते बारीक शिरेतून मिळत नाही. म्हणून ही नळी. काही नळ्या काही दिवसांपुरत्या असतात, तर त्वचेखालून बोगदा करून बसवलेल्या नळ्या, ज्यांना डायलिसिसचे रुग्ण "परमकॅथ" म्हणून ओळखतात, महिनोन् महिने राहतात. कॅन्सरच्या रुग्णांना दंडातून घातलेली पिक लाइन किंवा छातीच्या त्वचेखाली बसवलेला पोर्ट असतो.

हृदयापर्यंत नळी नेण्याचे धाडस पहिल्यांदा केले ते 1929 साली वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टरने, आणि तेही स्वतःवर. हाताच्या शिरेतून नळी आत सरकवून तो तसाच चालत एक्स-रेच्या खोलीत गेला आणि नळी हृदयात पोहोचल्याचा फोटो काढून घेतला. वरिष्ठांनी त्याला वेड्यात काढले. पुढे 1956 साली त्याला आणखी दोघांसोबत नोबेल पारितोषिक मिळाले. योगायोग असा की आपल्या शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ज्याच्या रुग्णालयाला सारा मराठवाडा "घाटी" म्हणतो, तेही 1956 सालीच सुरू झाले.

लाइनने असंख्य जीव वाचवले आहेत, यात वाद नाही. परंतु लाइन म्हणजे त्वचेच्या भिंतीला पाडलेले दार आहे. आपली त्वचा दिवसभर जंतूंना बाहेर रोखून धरते. नळीने त्या भिंतीत वाट केली की जंतूंना दोन रस्ते मिळतात. पहिला, नळी जिथे त्वचेत शिरते तिथून नळीच्या बाहेरच्या अंगाने आत. दुसरा, नळीच्या तोंडाकडून, म्हणजे ज्या टोपणाला सिरिंज किंवा सलाईन जोडतात तिथून. नळी नुकतीच घातलेली असेल तर पहिला रस्ता जास्त वापरला जातो. ती अनेक आठवडे ठेवलेली असेल तर दुसरा.

आत गेल्यावर जंतू काय करतात, हे या शहरातील माणसाला समजावून सांगणे सोपे आहे. वर्षानुवर्षे आपण दिवसांआड येणारे पाणी ड्रम आणि टाक्यांत साठवत आलो आहोत. टाकी बरेच दिवस घासली नाही तर आतल्या बाजूला बोट फिरवल्यावर बुळबुळीत थर लागतो. वरून स्वच्छ पाणी ओतून तो थर जात नाही. लाइनच्या आतही जंतू असाच चिकट थर धरतात आणि त्याच्या आडोशाला राहतात. अँटिबायोटिकचे औषध रक्तातील जंतूंना मारते, पण थराच्या आतले बरेच जंतू बचावतात. औषध थांबले की ताप पुन्हा येतो. म्हणूनच पुष्कळदा डॉक्टरांना लाइनच काढून टाकावी लागते. ती काढण्याचा निर्णय झाला की घरचे लोक कधीकधी "एवढे पैसे देऊन बसवली होती" म्हणून नाराज होतात. ती नाराजी समजण्यासारखी असली तरी टाकी घासल्याशिवाय पाणी भरून उपयोग नसतो.

धडधाकट माणसाच्या रक्तात थोडे जंतू गेले तर पांढऱ्या पेशी त्यांचा बंदोबस्त करतात. केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांच्या दरम्यान या पेशी सर्वांत कमी झालेल्या असतात. किडनी निकामी झालेल्या, अनेक वर्षांचा मधुमेह असलेल्या, अवयव बदललेल्या किंवा स्टेरॉइड चालू असलेल्या रुग्णांचीही प्रतिकारशक्ती क्षीण झालेली असते. अशा शरीरात जंतू काही तासांत सर्वत्र पसरू शकतात, रक्तदाब कोसळतो, किडनी, फुप्फुसे यांचे काम बंद पडू लागते. यातली फसवी गोष्ट अशी की पांढऱ्या पेशीच नसल्यामुळे पू होत नाही, नळीची जागा लाल होत नाही, सूज येत नाही. बाहेरून जागा स्वच्छ दिसते आणि घरचे निर्धास्त राहतात. ताप हीच अनेकदा एकमेव खूण असते.

आपल्या देशात हे किती घडते? दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने 54 रुग्णालयांतील 200 अतिदक्षता विभागांमध्ये 2017 ते 2024 या काळात नोंद ठेवण्यात आली. त्यात सर्व प्रकारचे रुग्ण होते. एका रुग्णाला एक दिवस लाइन म्हणजे एक लाइन-दिवस, असा हिशेब धरला तर सुमारे 9 लाख 77 हजार लाइन-दिवसांत रक्तातील जंतुसंसर्गाची 8,629 प्रकरणे सापडली. म्हणजे दर हजारामागे सुमारे 9. दुकानदाराच्या भाषेत सांगायचे तर शंभर रुग्णांना दहा दिवस लाइन ठेवली तर त्यातील साधारण नऊ जणांच्या रक्तात जंतू गेले. अमेरिकेत हाच आकडा एकच्या आसपास आहे. शिवाय आपल्याकडे या प्रकरणांत क्लेबसिएला आणि असिनेटोबॅक्टर हे जंतू फार आढळतात. नेहमीची औषधे तर सोडाच, राखून ठेवलेली महागडी अँटिबायोटिक्सही त्यांच्यावर बऱ्याचदा चालत नाहीत.

याबाबतीत आपल्या शहराची एक नोंद घेण्यासारखी आहे. चिकलठाणा एमआयडीसीत वोखार्ड कंपनीचे संशोधन केंद्र आहे. हट्टी जंतूंवरील नवी अँटिबायोटिक्स शोधण्याचे काम जगातील अनेक मोठ्या कंपन्यांनी नफा नाही म्हणून सोडून दिले, तेव्हाही ते इथे चालू राहिले. इथल्या संशोधनातून आलेल्या लिव्होनॅडिफ्लॉक्सासिन या औषधाला 2020 साली भारतात मंजुरी मिळाली. त्वचेच्या गंभीर संसर्गासाठी, आणि त्यासोबत जंतू रक्तात गेले असतील तर त्यासाठीही, ते दिले जाते. औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूवर ते चालते. झिडेबॅक्टम आणि सेफेपिम यांच्या जोडऔषधाच्या मोठ्या चाचणीचे निकाल 2025 साली जाहीर झाले, ते क्लेबसिएलासारख्या जंतूंसाठी आहे. अभिमान वाटावा अशीच ही कामगिरी. तथापि नवे अँटिबायोटिक बाजारात यायला दहा-पंधरा वर्षे लागतात आणि जंतू त्यालाही दाद देईनासा व्हायला त्याहून पुष्कळ कमी. जंतू आत जाऊच नयेत, यासाठी लागणारे सामान मात्र आजही साबण, स्पिरिट आणि स्वच्छ चादर एवढेच आहे.

हे सिद्ध करून दाखवले ते अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या पीटर प्रोनोव्होस्ट या डॉक्टरांनी. 2001 साली त्यांनी एका कागदावर पाच-सहा ओळी लिहिल्या. लाइन घालण्यापूर्वी साबणाने हात धुवा. रुग्णाची त्वचा क्लोरहेक्झिडिनने पुसा. रुग्णाचे सारे अंग निर्जंतुक चादरीने झाका. टोपी, मास्क, गाऊन, हातमोजे घाला. जांघेतून लाइन शक्यतो टाळा. आणि गरज संपताच लाइन काढा. यात एकही गोष्ट नवी नव्हती, प्रत्येक डॉक्टर ती शिकूनच आला होता. प्रोनोव्होस्ट यांनी महिनाभर सिस्टरांना फक्त पाहायला सांगितले. तेव्हा दिसले की एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांत डॉक्टर एखादी तरी पायरी गाळत होते.

यानंतर त्यांनी केलेली गोष्ट आपल्या कारखान्यांतील उस्तादांनी लक्षपूर्वक वाचावी. डॉक्टरने एखादी पायरी गाळली तर त्याला तिथेच थांबवण्याचा अधिकार त्यांनी सिस्टरला दिला, आणि व्यवस्थापन सिस्टरच्या पाठीशी राहील असे जाहीर केले. उस्तादाचा हात चुकताना शागिर्दाला दिसते, पण तोंड उघडण्याची हिंमत होत नाही, हे चित्र लेथच्या वर्कशॉपपासून जरीकामाच्या खोलीपर्यंत सगळीकडे सारखेच आहे. त्या एका अधिकाराने त्या विभागातील दहा दिवसांच्या लाइनचे संसर्गाचे प्रमाण 11 टक्क्यांवरून शून्यावर आले. पुढे मिशिगन राज्यातील शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत हीच पद्धत नेली. तिचे निकाल 2006 साली प्रसिद्ध झाले, संसर्ग दोन तृतीयांशांपर्यंत घटला होता. पहिल्या दीड वर्षात 1,500 हून अधिक जीव आणि साडेसतरा कोटी डॉलर वाचले असा अंदाज मांडला गेला. महागडे यंत्र विकत घेतले नव्हते.

आता प्रश्न असा की आपल्या रुग्णालयात आपल्या माणसाला लाइन घालताना आपण बाहेर बाकावर बसलेलो असतो. आत काय झाले ते दिसत नाही. खरे आहे. पण लाइन घालण्याचे काम एकदाच होते, ती हाताळण्याचे काम मात्र दिवसातून अनेकदा होते आणि तेव्हा घरचा माणूस उशाशीच असतो. औषध सोडण्यापूर्वी नळीचे टोपण स्पिरिटच्या कापसाने किंवा वाइपने पंधरा सेकंद घासून पुसले पाहिजे, नुसता स्पर्श करून भागत नाही. पारदर्शक ड्रेसिंग सात दिवसांनी आणि गॉजचे ड्रेसिंग दोन दिवसांनी बदलायचे असते. ओले झाले, सुटले किंवा रक्ताने माखले तर लगेच. हे लक्षात ठेवून नम्रपणे विचारता येते. "सिस्टर, टोपण पुसून घ्यायचं राहिलं का?" असे विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही. एकाच सिस्टरकडे कितीतरी रुग्ण असतात, आठवण करून देणारा माणूस तिलाही हवा असतो. आणि डॉक्टर राउंडला आले की रोज एकच प्रश्न विचारावा : "डॉक्टरसाहेब, ही लाइन आजही लागणारच आहे का?" गरज संपलेली लाइन केवळ कोणी विचारले नाही म्हणून दोन-चार दिवस अधिक राहते, हे जगभर घडते.

लाइन घेऊन रुग्ण घरी येतो तेव्हा जबाबदारी घरच्यांवर येते. आपल्याकडे पुष्कळांचे घर आणि कारखाना एकाच छताखाली असतो. खाली वेल्डिंग किंवा सुतारकाम, वर राहणे. कापूस, लाकडाचा भुसा, चामड्याची धूळ खोलीत उडत असते. रुग्णाचा पलंग कामाच्या जागेपासून दूर हवा. कामावरून उठून आलेल्या माणसाने हात धुतल्याशिवाय रुग्णाला हात लावू नये. डायलिसिसच्या लाइनची टोपणे घरी कोणीही उघडू नयेत, अगदी कंपाउंडर असलेल्या ओळखीच्या मुलानेही नाही. त्या लाइनमधून सलाईन किंवा ताकदीची बाटली लावून घेण्याचा मोह टाळावा. नळी ओढली गेली, टोपण निघाले तर चिमटा बंद करून, जागा स्वच्छ गॉजने दाबून थेट रुग्णालय गाठावे.

पाण्याचा प्रश्न नाजूक आहे. ड्रेसिंग ओले होता कामा नये, साठवलेल्या पाण्याने तर मुळीच नाही. वुजूला सहसा अडचण येत नाही, कारण दंडावरची लाइन कोपराच्या वर असते आणि मानेवरची किंवा छातीवरची वुजूच्या भागात येत नाही. गुस्लचे मात्र काय करावे, हे डॉक्टरांनी पाणी वर्ज्य केल्याचे सांगून आलिमांना आधीच विचारून ठेवावे. आजारी माणसाला दीनमध्ये सवलत आहे, हे सर्वांना ठाऊक आहे, तरी बुजुर्ग मंडळी संकोचाने विचारत नाहीत आणि ड्रेसिंग भिजवून बसतात.

इयादतबद्दलही लिहिले पाहिजे. आजाऱ्याची विचारपूस करणे आपल्याकडे पुण्याचे काम. परंतु केमोनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात वीस-पंचवीस माणसे खोलीत येऊन बसली, प्रत्येकाने मुसाफा केला, त्यातील दोघांना सर्दी-खोकला होता, तर त्या रुग्णाचे काय होईल? दुकानावर जाऊन मुलाला भेटा, फोनवर सलाम पोहोचवा, दाराबाहेरून दुआ करा. घरातील थोरल्या सुनेला किंवा मुलाला पाहुण्यांना अडवणे जड जाते, म्हणून हे काम मोहल्ल्यातील एखाद्या बुजुर्गाने अंगावर घ्यावे हे बरे.

आता सर्वांत महत्त्वाचे. लाइन असलेल्या रुग्णाला 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला, किंवा ताप नसतानाही थंडी वाजून अंग थरथरले, तर तो घरी थांबण्याचा ताप नव्हे. डायलिसिस सुरू झाल्यावर किंवा लाइनमधून औषध सोडल्यावर थोड्या वेळात थंडी भरली तर संशय सरळ लाइनवरच घ्यावा. पांढऱ्या पेशी कमी असलेल्या रुग्णाला ताप आल्यावर शक्यतो तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावे, असा वैद्यकशास्त्राचा दंडक आहे. आपल्याकडे मात्र आधी पॅरासिटामॉल दिले जाते, ताप उतरतो, सर्वजण झोपी जातात. दुसऱ्या दिवशी पुन्हा चढतो, तेव्हा गल्लीतील दवाखान्यात इंजेक्शन होते. तिसऱ्या दिवशी रुग्ण गुंगीत असतो. ईदचा हंगाम असेल, रात्री बारापर्यंत दुकानात गर्दी असेल, तर "सकाळी नेऊ" असे म्हणण्याचा मोह अधिकच होतो. हंगामाची एक रात्र बुडाली तरी पुढच्या वर्षी हंगाम येतो.

रुग्णालयात पोहोचल्यावर पहिलेच वाक्य "लाइन आहे आणि केमो अमुक तारखेला झाली" किंवा "डायलिसिसची लाइन आहे" असे सांगावे. नाही तर साध्या तापाच्या रांगेत बसावे लागते. डॉक्टर रक्ताचे कल्चर मागतील, एक नमुना लाइनमधून आणि एक हातातून. दोन-दोन तपासण्यांचा खर्च कशाला, असे वाटू देऊ नये. लाइनमधल्या नमुन्यात जंतू हातातल्यापेक्षा दोन तास किंवा अधिक आधी वाढले तर दोष लाइनचा, हे त्यावरूनच कळते. आणि नमुने अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी घेतले तरच जंतूचा नीट पत्ता लागतो, कोणते औषध चालेल ते ठरते. चुकीच्या महागड्या औषधावर चार दिवस घालवण्यापेक्षा ही तपासणी स्वस्त पडते.

डायलिसिसच्या रुग्णांसाठी आणखी एक गोष्ट, आणि ती वेळेवर केली तर लाइनची गरजच पुष्कळदा टळते. हातातील धमनी आणि शीर जोडून फिस्टुला तयार करतात. त्यात बाहेरची कोणतीही नळी शरीरात राहत नाही, म्हणून रक्तात जंतू जाण्याचा धोका लाइनपेक्षा कितीतरी कमी. परंतु फिस्टुला वापरण्याजोगा व्हायला दोन-तीन महिने लागू शकतात. किडनीच्या डॉक्टरांनी "पुढे डायलिसिस लागेल" असे सांगितले की आपण हकीम, जडीबुटी आणि दुसऱ्या शहरातील नाव ऐकलेला डॉक्टर यांच्यामागे सहा महिने घालवतो. मग एका रात्री श्वास लागतो आणि घाईघाईने मानेत लाइन घालावी लागते. क्रिएटिनिन वाढत चालले असेल तर फिस्टुलाचे आधीच विचारावे. शिंपी, विणकर, फिटर, रंगारी यांनी आपला कामाचा हात कोणता हे सर्जनला आवर्जून सांगावे. फिस्टुला शक्यतो दुसऱ्या हातात करतात, आणि त्या हाताने पुढे जड वजन उचलता येत नाही. त्या हातातून रक्त काढू देऊ नये, बीपीही मोजू देऊ नये.

खर्चाचे थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आयुष्मान भारतसोबत एकत्र करून राज्यातील सर्व कुटुंबांना वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय 2023 साली झाला. डायलिसिस आणि केमो दोन्ही त्यात बसतात. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. त्याला दाखल होतानाच दोन गोष्टी विचाराव्यात : संसर्ग झाला तर त्याचा उपचार याच पॅकेजमध्ये धरला जाईल का, आणि लाइन बदलावी लागली तर तिची मंजुरी वेगळी लागेल का. रात्री दोन वाजता ताप घेऊन गेल्यावर हे विचारायला कोणी जागेवर नसते. रेशन कार्ड, आधार, मागील डिस्चार्ज कार्ड, लाइन कधी व कुठे घातली त्याचा कागद, आणि शेवटचा पांढऱ्या पेशींचा रिपोर्ट, यांची एक फाइल करून ती घरात दाराजवळ ठेवावी. तिची झेरॉक्स दुकानात गल्ल्याखालीही असावी, कारण फोन येतो तेव्हा मुलगा बहुधा दुकानातच असतो. फाइलच्या वरच्या पानावर वॉर्डचा नंबर आणि रात्री गाडी घेऊन येऊ शकणाऱ्या दोन शेजाऱ्यांचे नंबर मोठ्या अक्षरांत लिहावेत. थर्मामीटर त्याच फाइलला रबर लावून ठेवला तर शोधावा लागत नाही.